हिरव्या चादरीतलं गाठोडं

पोटात गोळा येणं ही सुलभाताईंची जुनी सवय. कुकरची शिट्टी उशिरा झाली तरी गोळा येई, पुण्याहून मुलाचा फोन आला नाही तरी येई, आणि फोन आला तर 'एवढ्या सकाळी का केला असेल' म्हणून येई. अरविंदरावांनी छत्तीस वर्षं कारखान्यात नुसत्या आवाजावरून यंत्राचा बिघाड ओळखला, पण बायकोच्या गोळ्याचं कारण शोधणं त्यांनी लग्नानंतर दोनच वर्षांत सोडून दिलं होतं. डिसेंबरातल्या त्या रविवारचा गोळा मात्र वेगळा होता. तो सकारण आला, आणि त्याचं कारण आपल्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही अशी सुलभाताईंची समजूत होती.

उपासना नुकतीच संपली होती. भोपाळच्या अयोध्या नगरातली ही मराठी ख्रिस्ती मंडळी लहानशीच, साठेक घरांची. चर्च म्हणजे एक लांबट हॉल, पुढे पत्र्याचा व्हरांडा आणि अंगणात एक नळ. लोक चहाकडे वळले होते. पाळकसाहेब नीळकंठ साळवे यांनी सुलभाताईंना बाजूला बोलावलं; अरविंदरावही मागोमाग आले.

"ती आपली व्हरांड्यातली बाई आहे ना, कांचन? तिचं गाठोडं गेलं. शुक्रवारी रात्री होतं. काल दुपारपासून नाही."

"गेलं म्हणजे?"

"चोरीलाच गेलं असणार, दुसरं काय. शाल-ब्लँकेट आपण देऊ हो, त्याचं काही नाही. पण तिच्या मुलीचे कागद होते त्यात. उद्या अकरा वाजता बालकल्याण समितीपुढे तारीख आहे. कागद नसले तर मुलगी परत मिळण्याचं लांबणीवर पडलं, आणि किती लांबणीवर ते कोण सांगणार?"

"कसलं होतं गाठोडं?"

"हिरवी चादर म्हणाली. पांढऱ्या फुलांची."

ती हिरवी चादर सुलभाताईंना चांगली आठवत होती. आठवायला काय झालं, त्यांनी स्वतःच ते गाठोडं उचलून टेम्पोत चढवलं होतं.

झालं होतं असं. दर नाताळला इथलं भगिनी मंडळ जुने कपडे गोळा करतं, आणि त्याची एक रीत ठरलेली आहे. प्रत्येक घराने आपले कपडे एका जुन्या चादरीत बांधायचे आणि गुपचूप व्हरांड्याच्या कोपऱ्यात आणून ठेवायचे. वर नाव लिहायचं नाही, देणाऱ्याचा बोलबाला नको म्हणून. मंडळानेही ते सोडून बघायचं नाही, कोणी काय दिलं याची चर्चा नको म्हणून. फक्त प्रत्येक गाठोड्यावर हात ठेवून, ते ज्या गरजवंताला मिळेल त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि टेम्पोत चढवायचं. रीत सुलभाताईंच्या सासूबाईंच्या काळापासूनची, आणि मंडळाच्या चिटणीस म्हणून सुलभाताईंना तिचा अभिमान. शनिवारी सकाळी त्यांनी एकेक गाठोडं पुढे घेतलं. हिरवं जरा मळकट होतं. 'काय बाई लोक, देवाच्या नावाने देताना चादर तरी धुवावी' असं मनात म्हणून त्यांनी त्याच्यावरही हात ठेवला, डोळे मिटले, प्रार्थना केली आणि ते मंडीदीपच्या मजूर वस्तीकडे रवाना केलं. कांचनचं गाठोडं कोपऱ्यात कसं आलं, हेही त्यांनाच ठाऊक होतं. "पसारा दिसायला नको, कोपऱ्यात ठेवत जा," असं तिला बजावणाऱ्या त्याच होत्या.

पाळकसाहेब सांगत होते आणि सुलभाताई खालमानेने ऐकत होत्या. कांचन पांढुर्ण्याकडची. नवरा मंडीदीपला ठेकेदाराकडे कामाला होता, तो पावसाळ्यात काविळीने गेला. खोलीमालकाने महिनाभर वाट पाहिली आणि भांडी बाहेर ठेवली. गावी दिराने दार लावून घेतलं. मायलेकी स्टेशनवर राहू लागल्या, आणि तिथून आठ वर्षांच्या अदितीला मुलींच्या गृहात नेण्यात आलं. त्यात चूक कोणाची म्हणावी? फलाट ही काय मुलीने वाढायची जागा आहे? पण आईला न्यावं अशी जागा काही कोणाला सापडली नाही. ते गृह इथून चालत जाण्यासारखं, म्हणून कांचन सप्टेंबरच्या अखेरीस या व्हरांड्यात आली.

अडीच महिने सुलभाताई तिला दर रविवारी कागदी कपात चहा देत होत्या, वर एक बिस्किट. तिला मुलगी आहे हे त्यांना आज कळत होतं. एकदा विचारलं असतं तर कळलं असतं, आणि विचारायला रविवार काही कमी मिळाले नव्हते.

एव्हाना गोष्ट अंगणभर झाली होती. नळावर पाणी प्यायला येणाऱ्या रिक्षावाल्यांवर संशय गेला. मग कोणीतरी म्हणालं, "मी तर कधीपासून सांगतोय, व्हरांड्याला जाळी लावून टाका. ना कोणी झोपणार, ना चोऱ्या होणार." दोघातिघांनी माना डोलावल्या. कांचन फाटकाजवळ उकिडवी बसली होती. जाळी हा शब्द ऐकला तशी ती उठली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

'मी चढवलं ते टेम्पोत' एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. सुलभाताईंनी तोंड उघडलंही, पण त्यातून निघालं ते "अहो, चला, गाडी काढा."

टेम्पो घेऊन गेलेल्या परागला त्यांनी गाडीतूनच फोन लावला. "गाठोडी कुठे वाटलीस रे?"

"कारखान्याच्या भिंतीमागे पत्र्याच्या खोल्या आहेत ना काकू, तिथे. दर घरी एक. का हो? कमी पडली?"

"नाही, नाही. छान झालं," सुलभाताई म्हणाल्या आणि फोन ठेवून त्यांनी डोक्याला हात लावला.

अरविंदराव गाडी ताशी चाळीसच्या वर नेत नाहीत, जगबुडी आली तरी. भोपाळ मागे पडल्यावर म्हणाले, "हिरवं गाठोडं ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पाळकसाहेबांनी चादरीचा रंग सांगितला तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघत होतो."

सुलभाताईंना रडू आलं. रडता रडता त्यांनी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. एरवी महिला मेळाव्यात त्या उभ्या राहिल्या की दहा मिनिटं शब्द कमी पडत नसत. आज काही सुचेना. काल त्यांनी जे मागितलं होतं ते देवाने दिलंच होतं, गाठोडं गरजवंतापर्यंत पोचलं होतं. आता त्याच देवाला ते परत आण म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? 'प्रभू, कागद तेवढे शाबूत राहू दे. बाकी माझं काय करायचं ते कर,' एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

मंडीदीपला पोचायला तीन वाजले. भिंतीमागे खोल्यांच्या दोन रांगा होत्या. रविवार म्हणून माणसं घरी होती, दोऱ्यांवर कपडे वाळत होते, आणि त्यात अयोध्या नगरातले ओळखीचे स्वेटर होते. सुलभाताई पहिल्या दाराशी गेल्या. "कल जो कपड़े मिले थे, उसमें एक हरी चादर..." बाईने त्यांच्याकडे पाहिलं, नाही म्हणाली आणि दार ओढून घेतलं. दुसऱ्या दाराशी तेच. तिसऱ्या दारापर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती की चर्चवाल्या मॅडम दिलेलं परत मागायला आल्या आहेत. दोऱ्यांवरचे स्वेटर भराभर आत जाऊ लागले. एका म्हाताऱ्याने अंगातली शाल काढून त्यांच्यापुढे धरली.

सुलभाताईंना भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "नको बाबा, नको," त्या मराठीतच म्हणाल्या आणि त्यांनी शाल त्याच्या खांद्यावर परत घातली. चार वाजून गेले होते. आता गाठोडं असलं तरी कोणी कबूल करणार नव्हतं, आणि उद्या अकराला ती बाई रिकाम्या हातांनी समितीपुढे उभी राहणार होती.

तेव्हा अरविंदराव पुढे झाले. त्यांनी खोल्यांच्या मधोमध उभं राहून मोठ्याने सांगितलं, "भैया, कपड़े किसी के नहीं चाहिए. एक औरत के काग़ज़ चले गए हैं. बच्ची के काग़ज़."

कागद म्हटल्यावर सगळं बदललं. तीन-चार दारं उघडली. बाया एकमेकींना विचारू लागल्या. ज्यांना दर सहा महिन्यांनी नव्या ठिकाणी 'तुम्ही कोण' हे सिद्ध करावं लागतं, त्यांना कागद म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मागच्या रांगेतून एक जण हाक मारत आली. पिंकी नाव तिचं, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, कडेवर तान्हं. तिच्या खोलीत मोरीपुढे पडदा म्हणून हिरवी चादर टांगलेली होती, पांढऱ्या फुलांची.

"थैली थी उसमें," पिंकी म्हणाली आणि पत्र्याच्या पेटीच्या तळातून तिने एक प्लास्टिकची पिशवी काढली. "काग़ज़ कौन फेंकता है, आंटी? अपने वालों के साथ रख दिए. सोचा, कोई तो आएगा."

जन्माचा दाखला होता. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता. आधार कार्डं होती, आणि दोन वेण्या घातलेल्या मुलीचा पासपोर्ट आकाराचा फोटो होता. सुलभाताईंनी पिंकीचा हात दोन्ही हातांत धरला. मग त्यांचं लक्ष दाराशी उभ्या असलेल्या पिंकीच्या थोरल्या मुलीकडे गेलं. तिच्या अंगात पिवळा फ्रॉक होता, कोरा करकरीत, जरा ढगळ.

"ये भी उसी में था," पिंकी खालच्या आवाजात म्हणाली. "उतार दूँ?"

पोरीने फ्रॉकचा घेर मुठीत धरला. सुलभाताई म्हणाल्या, "नहीं, नहीं. पहनने दो."

परतीच्या वाटेवर त्यांच्या जिवात जीव आला. त्या पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या आणि मनातल्या मनात कांचनला काय सांगायचं ते जुळवत होत्या. गर्दीत गडबड झाली, टेम्पोवाल्यांच्या लक्षात आलं नाही, देवाची कृपा म्हणून मिळालं. छान जुळत होतं. त्यात कोणाचाच दोष नव्हता.

"फ्रॉक कोणाचा होता तो?" अरविंदरावांनी विचारलं.

सुलभाताईंच्या पोटातला गोळा जसाच्या तसा परत आला. फ्रॉक कांचनचा होता. मुलगी परत मिळेल त्या दिवशी तिला घालायला म्हणून, कुठून कुठून पैसे साठवून, तिने तो घेतला असणार. आणि आज पुन्हा, कालच्याइतक्याच सहजपणे, सुलभाताईंनी तिची वस्तू परस्पर दान करून टाकली होती. पुढे चर्च येईपर्यंत त्यांनी काहीही जुळवलं नाही.

दिवेलागणीला ते पोचले. कांचन व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती, पाळकसाहेबांनी दिलेली नवी शाल घडीसकट मांडीवर ठेवून. सुलभाताईंनी पिशवी तिच्या हातात दिली. तिने आधी एकेक कागद काढून पाहिला, मोजल्यासारखा. फोटो दोनदा पाहिला. मग पिशवी पोलक्याच्या आत खोचली.

"कांचन, तुझं गाठोडं कोणी चोरलं नव्हतं. मी टेम्पोत घातलं. दानाचं समजून. सकाळी सगळ्यांपुढे बोलायची माझी छाती झाली नाही."

"मले मालूम हाये."

"काय माहीत आहे?"

"तुमीच घातलं ते. मी नळावर होती. पाहत होती मी."

सुलभाताई पायरीवर बसल्या. "मग ओरडली का नाहीस? एक हाक मारायचीस ना ग!"

"तुमी त्याच्यावर हात ठेवून डोये मिटले होते," कांचन म्हणाली. "देवाचं चाललं होतं तुमचं. मंधात कसं बोलू? अन् मंग गाडीच सुटली." तिने मांडीवरची शाल बाजूला ठेवली. "खरं सांगू का बाई? भेव वाटलं. इकडं यायच्या आधी मी एका दुकानाच्या ओट्यावर झोपत होती. तिथं एक डाव म्हटलं होतं, हे सामान माह्यं हाये, हात नका लावू. तो म्हणे, तुह्यं काय हाये इथं? दुसऱ्या दिवशी ओट्याले जाळी लागली. म्हटलं, कागद गेले तर गेले. कागदापायी व्हरांडा बी जायचा."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. हिशेब करून झालेलं माणूस जसं सांगतं तसं सांगत होती, आणि म्हणूनच सुलभाताईंना ते ऐकवेना. अडीच महिने ज्याला त्या दया म्हणत होत्या, त्या दयेची या बाईला एवढी धास्ती होती की पोटच्या पोरीचे कागद डोळ्यांदेखत जाताना ती नळापाशी गप्प उभी राहिली. सुलभाताईंना आपली लाज वाटली, अगदी स्वच्छ लाज, जिच्यावर कोणतीही सबब बसत नाही.

"फ्रॉकही गेला," त्या म्हणाल्या. "एका पोरीच्या अंगात होता. मी राहू दे म्हटलं. तुला न विचारता."

कांचनने मान फिरवली. कागदांपेक्षा हे तिला जास्त लागलं, ते दिसलं. मग ती म्हणाली, "तिले होत होता का बरोबर?"

"थोडा मोठा होत होता."

"अदितीले बी मोठाच घेतला होता मी. दोन वर्सं चालाव म्हणून." तिने पदराने नाक पुसलं. "उद्या ते पत्ता इचारतील, बाई. मागच्या डावाले बी इचारला होता. मी चर्च सांगितलं, तर म्हणे, चर्चच्या व्हरांड्यात पोरगी कशी द्यायची?"

तिने काही मागितलं नव्हतं. पण मागणी समोर येऊन उभी राहिली होती, आणि सुलभाताईंच्या डोक्यात भीतीची रांग लागली. चौकशीला माणसं घरी येतील. शेजारी विचारतील. ही राहिली ती जायचंच नाव घेईना तर? पोरगी आजारी पडली तर? पुण्यात मुलाला, निनादला, काय वाटेल? त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस," अरविंदराव म्हणाले. "मी सकाळपासून गाडी चालवतोय, अजून थोडी चालवीन."

भीती गेली नाही. ती जाईपर्यंत थांबलं तर नाताळ उलटेल, हे सुलभाताईंना स्वतःबद्दल पुरतं ठाऊक होतं. त्या भीतीसकट उठल्या. "चल घरी. सामान घे तुझं."

कांचन शाल घेऊन उठली. घेण्यासारखं दुसरं काही नव्हतं, आणि हे सुलभाताईंच्या बोलून झाल्यावर लक्षात आलं.

गाडीत बसताना कांचन म्हणाली, "उद्या या तुमी संगं. पण आत मी बोलीन."

सोमवारी अकराची तारीख साडेबाराला लागली. तोवर बाकावर बसून सुलभाताईंनी पर्सची चेन इतक्या वेळा उघडली-लावली की ती अडकून बसली. टेबलापलीकडच्या सदस्या मंजूषाबाई नागपूरकडच्या निघाल्या, त्यामुळे बोलणं मराठीतच झालं. कांचनने सगळं स्वतः सांगितलं. दाखले दिले, फोटो दिला, एका हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात काम मिळतंय ते सांगितलं, पत्ता सांगितला. मंजूषाबाईंनी पत्ता लिहून घेतला आणि सुलभाताईंकडे वळल्या.

"घर तुमचं? किती दिवसांपासून राहतात या तुमच्याकडे?"

अडीच महिने म्हटलं असतं तर काम झालं असतं, आणि ते एका अर्थी खोटंही नव्हतं. काल संध्याकाळपासून म्हटलं तर सगळं फिसकटण्याची भीती होती. कांचन टेबलाच्या कडेकडे पाहत होती.

"अडीच महिने झाले," त्या म्हणाल्या. "काल संध्याकाळपर्यंत बाहेर होत्या. आमच्या चर्चच्या व्हरांड्यात, मीच सांगितलेल्या कोपऱ्यात. कालपासून आत आहेत."

मंजूषाबाईंचं पेन थांबलं. त्यांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि जे ऐकलं ते तसंच लिहिलं. मग म्हणाल्या की या आठवड्यात घराची पाहणी होईल, ती ठीक निघाली तर पुढच्या तारखेला विचार करू, आजच्या आज मुलगी देता येणार नाही. अर्धा तास भेटा मात्र.

अदितीला आणलं. फोटोतल्यापेक्षा ती उंच झाली होती आणि वेण्यांऐवजी केस कापलेले होते. ती आईला बिलगली नाही. आधी तिने आईची धुतलेली साडी पाहिली, विंचरलेले केस पाहिले आणि विचारलं, "आई, आता कुठं झोपते तू?"

"आत झोपते."

"दार हाये?"

"हाये."

"कडी?"

"हाये," कांचन म्हणाली. "आतून हाये."